खेळाचा तास कुणाचा?

जून उजाडला की घराघरांत एकच धांदल. वह्यांना खाकी कव्हरे घालायची, पिनाफोरची दुमड सोडून उंची वाढवायची, रेनकोटाच्या आत नाव लिहायचे, दप्तराचा तुटलेला पट्टा शिवून आणायचा. मग शाळेतून वेळापत्रक येते. ते आपण कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो आणि गणित कधी, इंग्रजी कधी, रंगपेटी कोणत्या दिवशी न्यायची, ते पाहून ठेवतो. त्यात आठवड्यातून दोनदा एका चौकोनात 'शा. शि.' अशी दोन अक्षरे असतात. त्या दिवशी पांढरे बूट घालायचे, एवढाच त्या चौकोनाशी आपला संबंध!

मैत्रिणींनो, आज त्या दोन अक्षरांविषयीच बोलू या. शा. शि. म्हणजे शारीरिक शिक्षण. मुलांच्या भाषेत 'पीटीचा तास'. मी घरचे आटोपून अर्धा दिवस एका प्राथमिक शाळेत शिकवायला जाते. माझे विषय मराठी आणि परिसर अभ्यास, आणि त्यांच्या जोडीला तिसरी-चौथीचे खेळाचे तास. तुम्ही म्हणाल, मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई खेळ कशी काय शिकवते? तर त्याचे कारण असे, की लहान मुलांना खेळाचा वेगळा शिक्षक सहसा नसतोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान हवे, प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य हवे, असे सांगितले आहे. पण आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक त्यात सांगितला आहे तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तोही मुले शंभरावर असतील तर. पहिली ते पाचवीला तशी सक्ती नाही. तेव्हा जी बाई मराठी शिकवते, तीच शिट्टीही वाजवते.

आणि खरे सांगू? त्यात तसे वाईट काही नाही. वर्गात कोण घाबरते, कोण दांडगाई करते, कोणाच्या घरी काय चालले आहे, हे वर्गाच्या बाईंना ठाऊक असते. फक्त त्या तासाकडे तिने 'मुलांना मैदानात सोडण्याचा तास' म्हणून पाहता कामा नये. कारण मुलांना नुसते मैदानात सोडले, की त्यांतली आठ-दहा चपळ मुले खेळतात आणि बाकीची उभी राहतात. तास सगळ्यांच्या नावावर आणि खेळतात मात्र थोडी!

पस्तीस मिनिटांचा हिशेब

आपण बायका घरखर्चाचा हिशेब ठेवतो ना, तसाच एकदा या तासाचाही मांडू. तास पस्तीस मिनिटांचा. वर्गात चव्वेचाळीस मुले. जिना उतरून मैदानावर रांगा लागेपर्यंत पाच मिनिटे, परत हातपाय धुऊन वर जायला पाच मिनिटे. राहिली पंचवीस. आता समजा मी चार रांगा केल्या आणि पळत जाऊन खांबाला शिवून यायची शर्यत लावली. एका रांगेत अकरा मुले. एकाला जाऊन यायला वीस सेकंद. म्हणजे रांग संपायला दोनशे वीस सेकंद, आणि त्यात प्रत्येक मूल पळाले किती? वीस सेकंद! बाकीचा वेळ रांगेत उभे राहून पुढच्याची वेणी ओढणे.

तेच मी चार-चार मुलांच्या अकरा रांगा केल्या तर? रांग ऐंशी सेकंदांत संपते आणि तेवढ्याच दोनशे वीस सेकंदांत प्रत्येकाला जवळजवळ तीनदा पळायला मिळते. जादा साहित्य नाही, जादा शिक्षक नाही. खडूने अकरा रेघा मारल्या की झाले. मैदान अरुंद असेल तर अंतर कमी करावे. लहान मुलांना लांब पळण्यापेक्षा पुन्हा पुन्हा पळणेच जास्त आवडते.

आता दुसरा हिशेब पाहा. संगीत खुर्ची आपल्या सगळ्यांची लाडकी. हळदीकुंकवापासून स्नेहसंमेलनापर्यंत तिच्यावाचून पान हलत नाही. पण त्या खेळात पहिल्यांदा बाहेर कोण जाते? जे मूल सावकाश आहे, लाजाळू आहे, ढकलाढकली करायला कचरते, ते. म्हणजे ज्याला हालचालीची सगळ्यांत जास्त गरज, तेच सगळ्यांत आधी भिंतीशी जाऊन बसते आणि सगळ्यांत जास्त वेळ बसून राहते. जे आधीच चपळ आहे, ते शेवटपर्यंत पळत राहते. गणिताच्या तासाला पहिले गणित चुकलेल्या मुलाला 'तू आता पाटी ठेव आणि बस' असे आपण म्हणतो का? मग खेळाच्या तासाला का म्हणायचे?

एक गोष्ट लक्षात घ्या. पहिलीत शेजारी-शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या वयात कधी कधी जवळजवळ वर्षाचे अंतर असते. सहा वर्षांच्या जिवाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा! मागे पडणारे मूल मंद नसते, पुष्कळदा ते नुसते लहान असते.

बाद झालेल्याचे काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला कुठे लांब जायला नको. आपल्या हुतूतूतच ते आहे. कबड्डीचे नियम एकसारखे होण्याआधी तिचे तीन प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला बाद गडी जिवंत होऊन आत येई. आणि अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. समोरच्यांना गुण मिळे आणि हा आपला खेळत राही. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे. तीन नावे आणि एकाच प्रश्नाची तीन उत्तरे!

मी तिसरी-चौथीसाठी एक साधा दंडक केला आहे. गामिनी नाही. खेळ संजीवनी तरी हवा, नाही तर अमर. यात बसणारे खेळ आपल्याकडे किती आहेत म्हणून सांगू! विषामृत घ्या. ज्याच्यावर राज्य, त्याने शिवून 'विष' म्हटले की जागच्या जागी थिजायचे आणि सवंगड्याने शिवून 'अमृत' म्हटले की पुन्हा पळायचे. साखळी घ्या. जो पकडला जाईल त्याने पकडणाऱ्याचा हात धरून त्याच्याबरोबर पळायचे. साखळी लांबत जाते आणि बसून कोणीच राहत नाही. डबा ऐसपैसमध्ये डबा उडाला की खेळ पुन्हा पहिल्यापासून. संगीत खुर्चीसुद्धा टाकायला नको. गाणे थांबले की खुर्ची काढावी, मूल काढू नये. शेवटी उरलेल्या चार खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून मावायचे. मुले हसून हसून बेजार होतात.

'मग खो-खोत आठ जण बसूनच असतात की!' असे मला एका बाईंनी विचारले. प्रश्न बरोबर आहे. पण खो-खोत बसलेल्या मुलाचे कान पाठीमागे असतात. केव्हा 'खो' मिळेल आणि केव्हा उठावे लागेल, याचा नेम नसतो. ते मूल बसलेले असले तरी खेळात असते. बाद होऊन भिंतीशी बसलेल्या मुलाला मात्र कोणी 'खो' देणार नसते. तरी लहानांसाठी मी आठांऐवजी चार-पाच जणांचा खो-खो करते आणि मैदानात एकाच वेळी तीन-चार डाव लावते.

पावसाळ्यात मैदानात चिखल, मग वर्गातच 'शिवाजी म्हणतो'. यात चुकलेल्याला बाहेर काढायची पद्धत आहे. मी चुकलेल्याला दुसऱ्या रांगेत पाठवते आणि खेळ चालूच ठेवते. बाकांमधल्या जागेत एका पायावर उभे राहणे, डोळे मिटून तोल सांभाळणे, जागच्या जागी उड्या मारणे, एवढे होतेच. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा मला म्हणाला, "बाई, डोळे मिटले की पाय कसे काय हलायला लागतात?" त्याच्यासाठी परिसर अभ्यासाचा पाठ तिथेच सुरू झाला!

बुधवारची पोटदुखी

आता एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण अशी एक मुलगी प्रत्येक वर्गात असते. तिसरीतली, अंगाने बारीक, अभ्यासात चांगली. आमचा खेळाचा एक तास बुधवारी असे. दर बुधवारी डबा खाऊन झाला की हिचे पोट दुखू लागे. सोमवारी नाही, शनिवारी नाही. कधी चिठ्ठी येई, कधी ती नुसती येऊन उभी राही. शेवटी तिची आईच भेटायला आली.

"बाई, हिला खेळाच्या तासाला वर्गातच बसू द्या ना. तिला नाही जमत ते. तेवढ्या वेळात पाढे तरी पाठ होतील."

मी म्हटले, "अहो, पाढे मी करून घेईन, ते माझ्याकडे लागले. पण ती बुधवारीच का आजारी पडते, तेवढं आपण दोघी मिळून पाहू या."

ती माऊली समजूतदार. घरी जाऊन तिने मुलीला न रागावता विचारले, आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगितले. पोटाचे दुखणे नव्हते. बुधवारच्या तासाला मोठी मुले यायची, त्यांच्यातले दोन कप्तान एकेकाला नाव घेऊन आपल्या संघात बोलवायचे आणि ही दर वेळी शेवटी उरायची. शेवटच्या दोघांत 'ही तू घे', 'नको, तूच घे' अशी घासाघीस व्हायची. चव्वेचाळीस मुलांसमोर. आठ वर्षांच्या मुलीच्या पोटात दुखायला एवढे पुरे नाही का?

एरवी घरी चार पाहुण्यांच्या पंक्तीत आपण एखाद्या मुलाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवू का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. आमच्या शाळेत मग मुख्याध्यापिकाबाईंशी बोलून कप्तानांनी गडी निवडण्याची पद्धत बंद झाली. संघ पाडायचे शंभर मार्ग आहेत. एक-दोन, एक-दोन असे म्हणवून घ्यावे. आंबा-चिंच म्हणवावे. जानेवारी ते जूनमध्ये जन्मलेले इकडे, जुलै ते डिसेंबरवाले तिकडे करावे. दोन मिनिटेही लागत नाहीत आणि कोणी उरत नाही.

पुढे काय झाले? ती मुलगी धावण्यात पहिली आली, असे काही मी सांगणार नाही. ती आजही सावकाशच पळते. पण विषामृतात एक गंमत झाली. अंगाने बारीक असल्यामुळे ती राज्य असलेल्याच्या नजरेत भरत नसे, आणि हळूच जाऊन थिजलेल्यांना अमृत देऊन येई. मुलांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. 'ए, मला सोडव, मला सोडव' अशा चहूकडून हाका सुरू झाल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर बुधवारची चिठ्ठी एकदाही आली नाही. तिची आई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आता शनिवारी-रविवारीसुद्धा खालच्या अंगणात पोरं गोळा करते. जेवायला चार हाका माराव्या लागतात." तक्रारच, पण तोंडभर हसून केलेली!

झेलणेसुद्धा शिकवावे लागते

'मुलं काय, खेळता खेळता आपोआप शिकतात', असे आपण म्हणतो. सगळी शिकत नाहीत. पळणे, उडी मारणे, लंगडी घालणे, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे ही अंगाची मुळाक्षरे आहेत. ती कच्ची राहिली की पुढे कोणताच खेळ धड येत नाही. मग मूल 'मला आवडत नाही' म्हणून बाजूला होते. आवडत नाही म्हणजे पुष्कळदा जमत नाही.

झेलण्याचेच पाहा. चेंडू आला की लहान मूल डोळे मिटून मान वळवते. त्याला चेंडू लागण्याची भीती वाटते. तेव्हा सुरुवात टणक चेंडूने करूच नये. आधी जुन्या ओढणीचा चौकोनी तुकडा वर उडवून झेलायला द्यावा. तो तरंगत सावकाश येतो, डोळे उघडे राहतात. मग फुगा. मग जमिनीवरून घरंगळत आलेला मोठा चेंडू. मग एक टप्पा घेऊन आलेला. आणि मग हातातून हातात.

यासाठी घरी करण्यासारखी एक सोपी वस्तू सांगते. चिंचोक्यांची पिशवी. जुन्या जाड कापडाचे पंधरा सेंटिमीटर चौरस असे दोन तुकडे घ्या. उलट्या बाजूने तीन कडा दुहेरी शिलाईने शिवा, सुलट करा, आत दोन मुठी चिंचोके घाला आणि चौथी कड पक्की शिवून टाका. गच्च भरू नका, पिशवी हातात ढिली पडली पाहिजे. चेंडूसारखी ती उडत नाही, घरंगळत कपाटाखाली जात नाही, लागत नाही आणि तळहातावर मऊसूत बसते. डोक्यावर ठेवून चाला, दुरून टोपलीत फेका, भावाबहिणींत झेलाझेली करा. पावसाळ्याच्या दिवसांत काचा न फुटता घरात खेळता येते, हा आपला फायदा! चिंचोके भरण्यापूर्वी चांगले उन्हात वाळवा, नाही तर किडे होतील. घरात तोंडात वस्तू घालणारे तान्हे असेल तर शिलाई अधूनमधून तपासत जा.

घरी आपण काय पाहायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी सरासरीने रोज साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल केली पाहिजे. आठवड्याची झाली चारशे वीस मिनिटे. शाळेच्या दोन तासांची सत्तर मिनिटे धरली, आणि ती सगळी पळण्यात गेली असे मानले, तरी साडेतीनशे उरतात. म्हणजे दिवसाला पन्नास मिनिटे आपल्या पदरात! शिकवणी, पाठांतर आणि मोबाइल यांतून ती काढायची आहेत. दूध आणायला चालत पाठवणे, गच्चीत दोरीउड्या, जिन्याने चढणे, संध्याकाळी खाली खेळणे, सगळे धरून ती भरतात. एकदम पन्नास मिनिटे काढायलाच हवीत असे नाही.

खेळाच्या दिवशी सकाळी चार गोष्टी पाहाव्यात. बुटात अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा आहे ना? मुलांचे पाय भराभर वाढतात आणि ती सांगत नाहीत. बुटाची नाडी स्वतःची स्वतः बांधता येते का? चाळीस नाड्या बांधता बांधता बाईंचा निम्मा तास जातो! गळ्यात लांब साखळी, हातात काचेच्या बांगड्या, कानात लोंबते डूल नकोत. आणि पाण्याची बाटली भरलेली हवी. लहान मुले उन्हात लवकर तापतात, पण तहान लागली तरी खेळाच्या भरात त्यांच्या लक्षात येत नाही. तास डब्यानंतर लगेच असेल तर त्या दिवशी तळकट डबा नको.

मुलींच्या आयांना वेगळे सांगायचे आहे. पिनाफोरच्या आत गुडघ्यापर्यंतची सैल चड्डी न विसरता घाला. उडी मारताना एका हाताने फ्रॉक धरून ठेवणारी मुलगी अर्ध्याच अंगाने खेळते. दुसरे, 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील' हे वाक्य आपल्या तोंडातून घालवून टाकू या. मुलाला ते कधी कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी तो जिंकला. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्रातली. त्या पोरी सावलीत बसून खेळायला शिकल्या नसणार! आपल्या साऱ्याच मुली काही विश्वचषक आणणार नाहीत. पण एस. टी. मागे चार पावले पळता यावे, गर्दीत तोल सांभाळता यावा, कोणी हात धरला तर झटकून सुटता यावे, एवढे बळ प्रत्येकीच्या अंगात हवे की नको?

चौथी-पाचवीत काही मुलींना पाळी येऊ लागते. त्या दिवसांत खेळू नये असा काही नियम नाही. बरे वाटत असेल तर जरूर खेळावे, दुखत असेल तर बसावे. ठरवायचे मुलीने. फक्त ते बाईंना कसे सांगायचे, हे आपण तिला आधी सांगून ठेवावे.

लागले-खुपले तर

खेळताना गुडघे फुटायचेच. खरचटले तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे, हळद-चुना चेपू नये. घोळणा फुटला तर आपण मान मागे टाकायला लावतो आणि कांदा हुंगवतो. ते सोडून द्या. मुलाला बसवून मान किंचित पुढे झुकवावी आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे न सोडता चिमटीत धरावा. पाय मुरगळला तर तेल लावून चोळू नये. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा आणि पाय उंच ठेवावा. पायावर भारच देता येत नसेल तर डॉक्टरांकडे न्यावे. आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते: पुढचा पक्का दात मुळासकट निघाला तर टाकू नका. मूळ न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरा, घासू नका, गार दुधात घालून अर्ध्या तासाच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे धाव घ्या. दात पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात असेल तर मात्र तो परत बसवायचा नसतो.

हक्काचा तास

शेवटी थोडे शाळेविषयी. परीक्षा जवळ आली की खेळाच्या तासावर सगळ्यांचा डोळा. "बाई, आजचा तास देता का? भागाकार राहिलाय हो!" मी हसून म्हणते, "देते की. उद्याचा तुमचा गणिताचा मला द्या." एकदोनदा अशी देवघेव झाली आणि मग मागणी आपोआप थांबली. मागणाऱ्या बाई काही दुष्ट नव्हेत. त्यांच्यामागे अभ्यासक्रमाचा तगादा आहे आणि त्या तगाद्याच्या मागे आपण पालक आहोत. पालकसभेत आपण गुण कमी का पडले ते विचारतो. 'या महिन्यात खेळाचे किती तास झाले?' असे कोणी विचारते का?

आणखी एक. गृहपाठ झाला नाही म्हणून खेळाचा तास बंद, आणि दंगा केला म्हणून मैदानाला पाच फेऱ्या किंवा पन्नास उठाबशा, या दोन्ही चाली जाव्यात. पहिलीने खेळ म्हणजे चैन ठरतो आणि दुसरीने व्यायाम म्हणजे शिक्षा. मुलांना शारीरिक शिक्षा करायला २००९ च्या कायद्याने मनाईच केली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या फेऱ्या आज शिक्षा म्हणून मारल्या, त्या उद्या आनंदाने कोण मारील?

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. कपाटाच्या दारावरच्या वेळापत्रकात 'शा. शि.' कोणत्या दिवशी आहे ते पाहा आणि त्या संध्याकाळी मुलाला 'जिंकलास का?' असे विचारू नका. 'आज काय खेळलात आणि तू किती वेळ खेळलास?' असे विचारा. उत्तर 'मी बसलो होतो' असे आले, तर का, ते शांतपणे काढून घ्या आणि बाईंना जाऊन भेटा. भांडायला नव्हे, दोघींनी मिळून मार्ग काढायला.

तुमच्या लहानपणी तुमच्या गावात, वाड्यात किंवा चाळीत असा कोणता खेळ होता, की ज्यात बाद झालेला पुन्हा आत यायचा? नियमांसकट लिहून पाठवा. माझ्या तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर तो खेळून पाहीन. पुढच्या अंकात पावसाळ्यात न सादळणाऱ्या डब्यांविषयी.